मोजलेला भात

भात कोणी विकते का, बाई? चहा विका, भजे विका, चिवडा विका, कोणी काही म्हणत नाही. पण शिजलेला भात पैसे घेऊन दुसऱ्याच्या पानात घालायचा, हे आमच्या सासरी पाप. घरोघरी धान, दारी आला त्याले जेवाले बसवायचं, अन् ही जनाबाई साकोलीच्या मोटार स्टँडसमोर चूल मांडून भात विकून राहिली! असं सारं गाव बोले. ती जनाबाई म्हणजे मी.

आमचं गाव लाखांदूरच्या अंगाचं. दोन भाऊ. मोठे पुंडलिकराव, माहे भासरे. अन् धाकटे सुखराम, माह्या नशिबी आलेले. शेती दोन घरायले पुरत नव्हती, म्हणून आम्ही पोरीले, देवकाले, घेऊन साकोलीले आलो अन् चहाचं हॉटेल टाकलं. कचेरीच्या कामाले आलेले खेड्यावरचे लोक दुपारी पोट धरून फिरत. धानपट्टीतल्या माणसाचं भज्यानं काय होते? त्याले भातच पाहिजे. मंग मी भात मांडला. वासाच्या चिनोर तांदळाचा भात, तुरीचं वरण, बेसनाच्या पातोडीचा रस्सा अन् तलावातल्या वाळल्या झिंग्याची चटणी. लोक बोटं चाटत उठत. पातोडी तं अशी का, तुमसरचे व्यापारीही साकोलीले काम काढून येत. मी बढाई मारून राहिली असं वाटते ना? मारतेच. करून पाहा, मंग बोला.

भासऱ्यायले हे कळलं तसे ते एसटीनं आले. दारातच उभे राहिले. पाणी दिलं तं घेतलं नाही. भावाले म्हणाले, "सुखराम, तुही बायको अन्न विकून राहिली. जोवर ही चूल जळते तोवर तुह्या घरचा घास मले चालणार नाही." अन् आल्या पावली गेले.

सात साल झाले या गोष्टीले. आम्ही दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले गावी जाऊ, त्यायच्या घरी जेवू, ते पोटभर वाढतही. पण आमच्या घरी पाण्याचा थेंब नाही. माणूस वाईट असता तं मीही चार शिव्या घालून मोकळी झाली असती. पण नाही ना! देवकाले ताप आला होता तेव्हा हाच माणूस चिखलातून चालत दवाखान्यात आला होता. अशा माणसाचा धड रागही करता येत नाही, हेच मोठं दुःख.

अन् अशात देवकाचं लग्न जमलं. पोरगा चांगला, घर चांगलं, सारं चांगलं. पण आमच्यात घरच्या वडीलधाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय लग्नाची पंगत जेवत नाही. सासरे केव्हाच गेले. आता वडील म्हणजे भासरेच. सुखराम त्यायच्या पाया पडून आले. उत्तर एकच: "चूल बंद कर, येतो."

"जना, बंद करून टाकू का व सारं?" सुखराम रडकुंडीले येऊन म्हणाले.

माहं डोस्कं फिरलं. "टाका ना! अन् मंग खा तुमच्या भावाचा राग, वरणात कालवून!"

बोलली खरी. पण भर मांडवात पानं वाढून लोक ताटकळले, अन् व्याह्यानं विचारलं का मोठे भाऊ कुठं आहेत, तं काय तोंड दाखवू? पोरीले सासरी जाऊन जन्मभर ऐकावं लागन. खानावळ सोडवत नव्हती अन् भासरेही सोडवत नव्हते.

फागुन उतरतानाची गोष्ट. सुखराम तांदूळ आणाले तुमसरच्या मिलवर गेले होते. आमचा वाढपी गोमाजी तापानं घरी पडला होता. मी चुलीपाशी, देवका पाण्याच्या गुंडापाशी. अन् दारात कोण उभं? भासरे! लग्नाचं शेवटचं काय ते बोलाले आले होते.

आता आली पंचाईत. आमच्यात भावसुनेनं भासऱ्याशी बोलायचं नाही, डोक्यावर पदर घेऊन पाठ फिरवायची. तेही माह्याशी बोलत नसत. मधी बोलाले सुखराम असत, आज तेही नाही. मी कढईले तोंड करून म्हटलं, "देवका, मोठेबाबाले सांग, तुहे बाबा सांजच्या आत येतीन."

ते खांबाले म्हणाले, "देवका, मायले सांग, मी इथं सावलीत उभा राहतो."

उभे राहा म्हटलं मनात. पाय दुखतीन तं कळन.

तेवढ्यात नागपूरकडची एसटी आमच्या समोरच बिघडली. खाली वाकून पाहणाऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं, आता वेळ लागन. झालं! सारी मोटार माह्या खानावळीत घुसली. पानं मांडली. मी अन् देवका धावून राहिलो. भात वाढायची माही रीत ठरलेली होती: वाटी दाबून भरायची अन् पानावर उपडी करायची. एका जेवणाले दोन वाट्या. तिसरी मागितली तं दुसरं जेवण घ्या. हायवेवरच्या साऱ्या हॉटेलात तसंच चाले.

एका म्हाताऱ्यानं मागितला थोडा भात. मी म्हटलं, "बाबा, दोन वाट्या झाल्या तुमच्या."

"देवका!" दारातून अशी आरोळी आली का माह्या हातातली वाटी पडता पडता राहिली. "तुही माय भात मोजून राहिली?"

"देवका, सांग त्यायले, ही खानावळ आहे, लग्नाची पंगत नाही!"

"अन् तू सांग तिले, विकते म्हणून मी सात साल रागावलो. मोजते हे ठाऊक असतं तं चौदा साल रागावलो असतो!"

असं म्हणून तो माणूस उंबरठा ओलांडून आत आला. हात धुतले, दुपट्टा कमरेले बांधला अन् भाताची परात उचलली. आमच्या गावच्या कोणत्याही पंगतीत भात वाढायचा तं तो पुंडलिकरावनंच. जेवणारा पानावर दोन्ही हात आडवे धरून ओरडत नाही तोवर हे सोडत नसत.

"घे गा, लाजतो काहून? काय व माय, पाखरासारखी खाते! ह्या कोपऱ्यात वरण आणा!"

वरण आणा म्हणे! कोणाले म्हणून राहिले? मलेच! अन् मी काय करू, धावली. इकडे भाताचा गंज खाली होऊन राहिला, तिकडे माह्या अंगाचा तिळपापड. "देवका, सांग मोठेबाबाले, माह्या अंगणात तांदळाचं झाड नाही!" पण ऐकते कोण? त्यायच्या अंगात वारं शिरलं होतं. लोक हसत होते, जेवत होते, पट्टे सैल करत होते. पैसे देताना कोणी हुज्जत घातली नाही. एक बाई जाता जाता म्हणाली, "इतकं तं मले माहेरीही कोणी वाढलं नाही."

मोटार सुरू झाली अन् सारे गेले. गंज खरवडलेला, अन् भासरे बाकावर घामाघूम होऊन बसलेले. बसलेले, म्हणते मी! सकाळपासून त्यायच्या पोटात काही नव्हतं. आपल्या हाताले चिकटलेल्या शिताकडे पाहत होते. मले माहा राग शोधूनही सापडेना. मी नवा भात चढवला, पातोडी केली, त्यायच्यापुढं पान मांडलं. वाटी घेतली नाही, हातानं वाढलं.

ते उठले नाही. वरण-भात कालवला अन् जेवले. पातोडीचा रस्सा दोनदा घेतला. देवका माह्या पदराले धरून उभी होती लहान पोरीवानी.

जेवून झाल्यावर त्यायनं खिशात हात घातला अन् एक नोट बाकावर ठेवली. "देवका, मायले दे. घरचा घास चालणार नाही म्हटलं होतं मी. हा विकतचा आहे. माहा शब्द मोडला नाही."

काय डोकं आहे पाहा या माणसाचं! पण विकतचं खाऊन बाहेरच्यासारखे निघून चालले, मंग पोरीच्या मांडवात कोण बसन? मी गर्रकन फिरली. डोक्यावरचा पदर पडला, पडू दिला. वीस सालाच्या संसारात पहिल्यांदा त्यायच्या तोंडाकडे पाहून बोलली.

"दादाजी, विकत खाणाऱ्याले मी कधी हातानं वाढलं नाही. तुम्हाले वाढलं. गिऱ्हाईक असान तं ती नोट ठेवा अन् जा, पुन्हा येऊ नका. घरचे असान तं उचला ती."

चुलीवर वरण उतू गेलं, ते कोणी पाहिलं नाही. भासरे माह्याकडे पाहतच राहिले. मनात म्हटलं, गेलं सारं, पोरीचं लग्न मी आपल्या तोंडानं बुडवलं.

त्यायनं नोट उचलली. घडी करून खिशात ठेवली. अन् पान पुढं सारलं.

"वाढ, जना," ते म्हणाले. "अन् सुखरामले सांग, मांडव घालाले मी अगोदरच येतो. त्याच्यानं मांडव काही धड व्हायचा नाही."

मले रडू आलं. धूर गेला डोळ्यात, असंही म्हणाली नाही मी. भात वाढता वाढता त्यायच्यासमोरच रडली.