सरासरीत बुडालेले भोवरे

चितेगावच्या इंजिन प्रयोगशाळेत सायलीनं घडवलेल्या पिस्टनचा आज निकाल होता आणि तिचे साहेब गोकुळराव पहिल्या दिवसापासून तिच्यावर दात धरून होते. सिलिंडर काचेचा होता. आत तेलाचा बारीक फवारा सोडायचा, लेझरच्या उजेडात त्याचे फोटो काढायचे, म्हणजे हवा कशी घुमते ते दिसतं. हवेत भोवरे उठले तरच इंधन नीट मिसळतं आणि पुरतं जळतं, आणि ते उठवायचं काम पिस्टनच्या माथ्याच्या आकाराचं.

गोकुळरावांनी पडद्यावर चित्र टाकलं. हवा कशी, तर तळ्यासारखी निवांत!

"भोवरा नाय, काय नाय. पिस्टन टाका भंगारात," ते पुण्याहून आलेल्या कंपनीवाल्यांना म्हणाले. "बाईसाहेबांचा नाद लई झाला."

"सर, ही पिस्टनच्या शेकडो फेऱ्यांची सरासरी आहे," सायली उठली. "भोवरा दर फेरीला जागा बदलतो. सगळे फोटो एकात मिसळले की तो पुसला जातो."

"खाली बस. इथं मी बोलतोय."

भोवरा म्हणजे खोडकर लेकरू, एका जागी थांबेल तर शपथ! सायली बसली नाही. तिनं त्यांच्या हाताखालून माऊस ओढला आणि एकेक फेरी सुटी उघडली. एकीत भोवरा डावीकडं, पुढचीत उजवीकडं, तिसरीत थेट स्पार्क प्लगच्या तोंडाशी, जिथं ठिणगी पडते.

कंपनीवाले खुर्चीत पुढं सरकले. "पिस्टन ठेवा. आम्ही घेतो चाचणीला."

गोकुळराव तिच्या कानाशी वाकले. "पिस्टन ऱ्हाईल. तू नाय ऱ्हायची."

"व्हय सर," ती म्हणाली आणि तिनं चौथी फेरी उघडली.