रिठ्याचा फेस आणि पांढरा कोट

माघ.

कोवळं, केशरी, किंचित धुरकट ऊन डोंगरावरून उतरत उतरत आलं आणि रिठ्याच्या झाडाशी थबकलं. झाडाखाली फळंच फळं. मधाळ, सुरकुतलेली, उजेड आरपार जाऊ देणारी. जणू कुणी उन्हाचेच थेंब वाळत घातले होते.

मंजुळा ते थेंब ओटीत वेचत होती.

यंदा लग्नाच्या सुपाऱ्या थोड्या. म्हणून दुकानातली साबणाची पुडी बंद. असू दे, ती मनाशी म्हणाली. झाड काही मागत नाही, ऊन काही मागत नाही, ओढा तर बोलावून बोलावून देतो.

धुवायचा होता एक कोट.

पांढरा, सोनेरी झालरीचा, बँडचा. तिचा नवरा सोपान त्या कोटात शिरला की सोपान राहायचा नाही. शुभ्रपंख, उंचमान असा कुणी पक्षी व्हायचा, आणि त्याच्या चोचीतून क्लॅरिनेट गाऊ लागायचं. उद्या मोसमातलं पहिलं लग्न. बँडच्या मास्तरांनी बजावलं होतं, "कोट मळका दिसला तर घरी बसायचं. दुसरा वाजवणारा तयार आहे."

रिठे फोडले. बिया काढल्या. वर मूठभर शिकेकाई. चूल पेटली. कढई चढली.

कढई लोखंडाची.

या घरात रिठे उकळायचे ते तांब्याच्या तपेल्यात. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. पण दिवाळीत चुली वेगळ्या झाल्या. तपेलं थोरल्या जावेकडे गेलं, अनसाक्काकडे, अंगणातल्या कुडापलीकडे. कढई मंजुळाकडे आली. आणि दोघींमधलं बोलणं कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

तपेलं मागायचं म्हणजे आधी हाक मारायची.

नको.

फेस उठला. फेसावर फेस, फेसातून फेस, मंद, मऊ, मोगऱ्यासारखा. एका बुडबुड्यात निळा डोंगर. एका बुडबुड्यात इवलंसं ऊन. एका बुडबुड्यात मंजुळा स्वतः, उलटी, हसणारी. ओढ्यापलीकडून, मास्तरांच्या घरून, तालमीचे सूर तरंगत आले. तिनं डोळे मिटले. कोट पाण्यात सोडला. मिटल्या डोळ्यांपुढे मांडव उभा राहिला, तोरणं हलली, वरातीच्या पुढे एक पांढरा पक्षी चालू लागला, चालता चालता उडू लागला...

डोळे उघडले.

कोट

राखी.

भरून आलेल्या आभाळासारखा.

तिनं चोळला. आणखी राखी. ओढ्यावर नेला, आपटला, खळबळला, पुन्हा आणला. तसाच. झालर तेवढी चमकत होती, त्यामुळे बाकीचं अधिकच काळवंडलेलं दिसत होतं. पलीकडे सूर चढत होते. त्या सुरांना ठाऊक नव्हतं की उद्या त्यांना बाहेर पडायला अंगरखाच उरला नाही.

कुडावरून आवाज आला.

"काय गं, लग्नाला चाललाय का दहाव्याला?"

अनसाक्का. दिवाळीनंतरचे पहिले शब्द.

मंजुळा कोट चोळत राहिली.

"लोखंडात उकळलंस?"

"माझ्याकडं तेच आलं, आक्का."

"भांडं आलं. तोंड नव्हतं आलं का तुझ्याकडं? एक हाक मारली असती तर माझ्या तपेल्याला काय भोक पडलं असतं?"

"तपेल्याला नसतं पडलं. माझ्या डोक्याला पाडलं असतं तुम्ही."

 

मग कुडापलीकडे काहीतरी फुटलं, आणि ते हसू होतं.

अनसाक्का वळसा घालून आली. कमरेवर तपेलं, पदरात लिंबं. "शिकेकाईला लोखंड लागलं की काळं व्हायचंच. सासूबाईंनी माझ्या पहिल्या वर्षी मला असाच एक धडा दिला होता. त्यांचं सोवळं मी असंच काळं केलं होतं." लिंबं कापली. मीठ भुरभुरलं. दोघी चोळू लागल्या, एक बाही हिच्या हातात, एक बाही तिच्या. आंबट, ओला, पिवळा वास. काळिमा हलला, फाटला, विरला. ढगाच्या कडेला आधी एक पांढरी रेघ, मग एक पांढरं बोट, मग पांढरी पाठ.

तपेल्यातलं नवं पाणी. नवा फेस. ओढ्याची धार.

आता पिळायचा.

अनसाक्कानं खांदे धरले, मंजुळानं खालची कड. समोरासमोर उभ्या राहिल्या. थोरली आपल्या उजवीकडे वळवू लागली, धाकटी आपल्या उजवीकडे. आपापल्या बाजूला, आपापल्या हट्टानं, आपापल्या जोरानं; आणि म्हणूनच पीळ बसत गेला, घट्ट, आणखी घट्ट, आणि त्या शुभ्र पिळातून पाणी गळत राहिलं, आधी करडं, मग फिकट, मग नितळ, थेंब, थेंब, एकच थेंब.