पुलाखालची भिंत

"फोटोतली ही भिंत दोनदा लावलीय," बाई म्हणाली. "त्या दाराजवळ पण हीच आहे."

रंगाऱ्याने दाराकडे पाहिलं. सकाळपासून प्रदर्शनातून दोन-अडीचशे माणसं फिरून गेली होती. साहेब फिरले होते, वर्तमानपत्रवाले फिरले होते, पण एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि ही कोण कुठली, हातात कापडी पिशवी घेतलेली बाई नेमकी तिथंच येऊन उभी राहिली होती.

"सारखी दिसतात ताई ती चित्रं," तो म्हणाला. "एकाच हातची असतील."

"एकाच हातची आहेतच. माझ्या धाकट्याची. पण ही बाजारामागची भिंत आहे. खाली चिठ्ठीवर तुम्ही पुलाखालची लिहिलंय."

रंगारी एकतीस वर्षं नगरपालिकेत होता. परवानगी न घेता काढलेल्या चित्रांवर राखाडी रंग मारायचा, हे त्याचं काम. खात्यात त्याला सगळे 'बोळा' म्हणत. दुसऱ्याच्या केल्यासवरल्यावर बोळा फिरवायचाच याला पगार मिळतो, असं कोणीतरी एकदा बोललं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. काम बिनडोक, पण नियम कडक होता. रंग लावण्याआधी एक फोटो आणि लावून झाल्यावर एक. आधीचा फोटो नसला तर त्या दिवसाचं काम धरत नसत. हे फोटो वर्षानुवर्षं कार्यालयात पडून होते. नव्या साहेबांनी एक दिवस ते सहज चाळले आणि त्यांच्या अंगात कलाप्रेम संचारलं. चाळीस फोटो मोठे करून सभागृहात टांगले गेले. चित्रं कोणी काढली याची खात्यात नोंद नव्हती, आणि ती शोधायची तसदी कोणी घेतली नाही. म्हणून प्रत्येक फोटोखाली 'छायाचित्र' असं लिहून रंगाऱ्याचं नाव छापलं होतं, वडिलांच्या नावासकट; खिशावरच्या बिल्ल्यावरही तेच होतं. त्याची बायको ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि एकेका चिठ्ठीपाशी थांबून तेच नाव पुन्हा पुन्हा वाचत होती. तिच्याकडे बघून त्यालाही सकाळी जमिनीपासून दोन बोटं वर गेल्यासारखं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं होतं.

"दर रविवारी मला घेऊन जायचा," बाई सांगत होती. "झालेली भिंत दाखवायला. मी शिवणकाम करते, मला चित्रातलं काय कळतंय? पण मी बरं म्हटल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पुलाखालची तेवढी दाखवली नाही. म्हणाला, आई, ही पुरी होऊ दे, ही वेगळी आहे. शुक्रवारी पुरी झाली. शनिवारी त्याला ट्रकनं उडवलं."

रंगाऱ्याने चिठ्ठीवरच्या आपल्या नावाकडे पाहिलं.

"सगळं आवरून मी आठव्या दिवशी पुलाखाली गेले. रंग ओला होता, भाऊ. हाताला लागला."

तो दिवस त्याला चांगलाच आठवत होता. मोबाईल बंद पडला होता. चार्जिंगसाठी कार्यालयात परत जायचं तर दोन तास मोडले असते, आणि वर ऊन रणरणत होतं. त्याने सरळ कामाला सुरुवात केली आणि संध्याकाळी जुन्यातला एक फोटो जोडून दिला. कोण बघतंय? ही युक्ती त्याने आधीही पाच-सहा वेळा केली होती.

"मग पुलाखाली काय होतं?" बाईने विचारलं. "तुम्ही तर बघितलं असेल ना? तेवढं सांगा फक्त. मला दुसरं काही नको."

तेवढ्यात साहेब आलेच. "काय, काही अडचण?"

"एकच फोटो दोनदा लागलाय, म्हणतात या," रंगारी पुटपुटला.

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हसले. "छापखान्याचा घोळ. या लोकांचं नेहमीचंच आहे. उद्या बदलून घेऊ."

वाट अगदी मोकळी होती. निवृत्तीला चार महिने राहिले होते. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि बाईला काहीतरी रचून सांगणंही अवघड नव्हतं. पाखरं होती म्हणावं, नदी होती म्हणावं. कोण तपासणार होतं? पण बाई त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती की त्याची जीभ रेटेना.

"छापखान्याचा नाही साहेब. माझा," तो म्हणाला. "फोटो काढलाच नव्हता. जुना लावून दिला."

साहेबांचं हसू मावळलं. "उद्या दहाला केबिनमध्ये या," एवढंच बोलून ते निघून गेले.

"आणि चित्र?" बाई म्हणाली.

"मी बघितलं नाही, ताई."

"बघितलं नाही म्हणजे? तुम्हीच रंग मारला ना?"

"मारला. डाव्या कोपऱ्यातून सुरू केलं. रोलर कुठं कोरडा पडतो, एवढंच बघतो आम्ही. खाली काय आहे ते... सवय गेली बघायची. कुठंतरी पिवळं होतं. पिवळा लवकर झाकत नाही म्हणून दोन हात मारावे लागले. तेवढंच."

"पिवळं," बाई म्हणाली. "बरं."

ती रडली असती तर त्याला सोसलं असतं. त्याने फोटो खिळ्यावरून काढून काखेत धरला आणि खालची चिठ्ठी सोलायला नख लावलं.

"ती राहू द्या," बाई म्हणाली.

"आता काय उरलंय इथं? नुसती कोरी भिंत."

"तीच तुमची. बाकीची चित्रं दुसऱ्यांची, त्यांच्याखाली तुमचं नाव खोटं आहे, भाऊ. इथं तेवढं खरं आहे."

ती पिशवी सावरत दाराकडे गेली. बाजारामागच्या भिंतीपाशी जरा थांबली आणि मग बाहेर पडली. पलीकडून बायको चिठ्ठ्या वाचत वाचत इकडेच येत होती. मध्येच चष्म्यातला एक म्हातारा आला, त्याने वाकून चिठ्ठी वाचली आणि वर मोकळ्या जागेकडे बघू लागला. बराच वेळ बघत राहिला. त्याला नीट दिसावं म्हणून रंगारी बाजूला झाला.