कपाटातली सव्वीस पानं

अलेक्झांड्रियात विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत मादाम दमियानाने चाळीस वर्षं लोकांचे प्रबंध टाइप केले. माशाच्या कानात हाडाचा खडा असतो आणि तो कापला की झाडाच्या खोडासारखी त्याची वर्षं मोजता येतात, हे तिला ठाऊक होतं. टोळ एकटा असला की हिरवा असतो आणि घोळक्यात पिवळा होतो, हेही. स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांची फुप्फुसं, न्युबियन भाषेतली क्रियापदं, जुन्या काझींच्या दफ्तरातले घटस्फोट, धक्क्यावर आदळणाऱ्या लाटेचं गणित, सगळं तिच्या बोटांखालून गेलं होतं. त्यातलं समजलं किती, ते सोडा. पण बोटं विसरत नसत.

आणि एवढं टाइप करून यातलं तिने डोळ्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. तोंडी परीक्षेलाही ती कधी गेली नव्हती. पोरांचे नातेवाईक केकचे खोके आणि पेरूचा रस घेऊन सभागृहात शिरत, निकाल लागला की बायका जिभा हलवून ललकारत; त्या वेळी ही पुढच्या कुणाच्या तरी संदर्भसूचीत मान घालून बसलेली असे. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. टाइपरायटर अजून कोपऱ्यात होता. त्यावर आता तुळशीची कुंडी होती.

एका मंगळवारी दुपारी हनादी आली. माती-विज्ञानाची मुलगी, विभागातच साहाय्यक म्हणून नेमलेली. आली ती खुर्चीत मटकन बसली.

"मादाम, तिसरं प्रकरण काढून टाका."

"अख्खं? परवाच तर केलं मी ते. चाळीस तक्ते आहेत त्यात!"

"डॉक्टर वग्दी म्हणतात, अकरा नमुने खोटे आहेत."

"खोटे?"

"म्हणजे मी गोंधळ घातलाय म्हणे. बुरुल्लुस सरोवराच्या कडेची शेतं. तिथे खालपर्यंत काळी, खारट चिकणमाती हवी. पण माझ्या अकरा खड्ड्यांत हातभर मातीखाली वाळूचा थर लागला. आणि नेमकी तीच शेतं खारट नाहीत, तिथेच भात चांगला. डॉक्टर म्हणाले, 'जीपमध्ये डुलकी लागली असेल, पिशव्या अदलाबदल झाल्या असतील. काढ ते अकरा, नाहीतर परीक्षेची तारीख मिळणार नाही.'"

"मग काढ की. अकराच तर आहेत."

"ते काढले तर उरतं काय, मादाम? खारट जमीन खारट असते, एवढंच. ते माझी आजीही सांगेल, आणि तिला सही करता येत नाही. आणि एकदा नमुने मिसळणारी म्हणून नाव झालं की विभागात कोण ठेवील मला?"

दमियानाने चहा ओतला. साखर घालता घालता तिचा चमचा थांबला. वाळू. भात. हे तिने आधी कुठेतरी टाइप केलं होतं, आणि तेही एका ठेक्यात. बोटं टेबलावर आपोआप चालायला लागली, आणि मागोमाग ओठ:

"चल रे गाढवा, टेकडी उतरू दे,
सागराची वाळू माझ्या भाताखाली अंथरू दे..."

"हे काय?" हनादीने विचारलं.

"एतिदाल!" दमियाना म्हणाली आणि उठून थेट खालच्या कपाटाकडे गेली.

सत्तावीस वर्षांपूर्वी एतिदाल नावाची एक सडपातळ मुलगी बुरुल्लुसच्या बायकांची गाणी गोळा करून आली होती. लग्नाची, पाळण्याची, मरणाची. आणि शेवटी परिशिष्ट म्हणून चाळीस पानं: वाळू वाहतानाची गाणी. प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं नाव, तिचं शेत आणि ते शेत कोणत्या पाणंदीला. समितीने ती चाळीस पानं काढायला लावली. गाढवं हाकणाऱ्या बायकांची बडबड म्हणजे वाङ्मय नव्हे, असं कुणीतरी म्हणालं. एतिदाल याच खुर्चीत बसून रडली होती. जाताना म्हणाली, फलाफलवाल्याला देऊन टाक पुड्या बांधायला.

दमियानाने दिली नाहीत. तेव्हा कागद मिळायची मारामार होती आणि पानांची मागची बाजू कोरी होती.

आता ती पानं मातीच्या रंगाची झाली होती. मोजली तर सव्वीस भरली. मागे वाण्याच्या याद्या, दमियानाच्या लेकीचे पाढे आणि एका पानावर चार पायांचं काहीतरी, उंट किंवा सोफा.

"बाकीची चौदा?" हनादीने विचारलं.

"माझ्या लेकीने होड्या केल्या असतील त्यांच्या. सव्वीस वाचली हे नशीब समज."

त्याच संध्याकाळी तांता शहरात एतिदालला फोन गेला. चौथ्या दिवशी प्राध्यापिका डॉक्टर एतिदाल रेल्वेने आल्या. आता सडपातळ नव्हत्या, आणि हातात अंजिराच्या मुरंब्याची बरणी.

"तू ती पानं ठेवलीस?" त्या दारातूनच ओरडल्या. "मी तुला टाकायला सांगितलं होतं!"

"तू मला पावासाठी पैसे शिल्लक ठेवायलाही सांगायचीस. तुझं कधी ऐकलंय मी?"

मग एतिदालबाईंनी हनादीला सगळं सांगितलं. सरोवराकाठची शेतं सखल. खालून खारं पाणी चढायचं, रोप जळायचं. म्हणून बायका समुद्राकडच्या टेकड्यांवरून गाढवाच्या पाठीवर वाळू आणायच्या, शेतात पसरायच्या, वर गाळ टाकायच्या; वाळूच्या थरातून खारं पाणी वर चढत नसे. आई दमली की लेक. कोणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहिणारे दुसरीकडे होते.

हनादी त्याच पावली प्रयोगशाळेत धावली. तासाभराने धापा टाकत परतली. "शिंपल्याचा चुरा आहे! भिंगाखाली दिसतो. नदीच्या वाळूत तो नसतो, मादाम, ही समुद्राची वाळू आहे!"

दुसऱ्या दिवशी तिघी डॉक्टर वग्दींच्या खोलीत उभ्या राहिल्या. वग्दी हे उंच, वाकलेले, कधीही न हसणारे गृहस्थ. त्यांनी पानं उलटीसुलटी केली, उंट-सोफा बघितला.

"गाणी," ते म्हणाले. "उद्या पाककृती आणशील, हनादी."

"पाककृतीत काय लागतं ते खरं लिहिलेलं असतं, डॉक्टर," एतिदालबाई म्हणाल्या. "तुमच्या अहवालांचं मला ठाऊक नाही."

वग्दींनी पानं पुन्हा नीट लावली. मग म्हणाले, "या पानांतली चार शेतं निवडा, जिथे हनादीने फावडं लावलेलं नाही. मी स्वतः येतो. वाळू निघाली तर अकरा नमुने राहतील. नाही तर ही पानं वाण्याकडे आणि ते प्रकरण टोपलीत."

जीपमध्ये जागा नव्हती. तरी एतिदालबाईंनी दमियानाला दंडाला धरून आत ओढलं. "चाळीस वर्षं लिहितेस, एकदा बघ तरी!" दमियाना मुरंब्याची बरणी मांडीवर घेऊन, फावडी आणि रिकाम्या पोत्यांच्या मध्ये बसून अडीच तास आदळत गेली.

आणि मग तिने ते पाहिलं. सरोवर, शिशासारखं चकाकणारं. बगळे. पलीकडे वाळूच्या टेकड्या, वाटल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी दूर. इतक्या लांबून? गाढवावर? तिने टाइप केलेल्या 'टेकडी' या शब्दात एवढं चालणं आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं.

पहिल्या शेतात हातभर खोदलं आणि फावड्याचा आवाज बदलला. खसखस. पिवळी वाळू. हनादीने ओंजळ भरून वर धरली. दुसऱ्या शेतात वाळू, तिसऱ्यातही. शेतकरी बांधावर गोळा झाले होते. एक म्हातारा म्हणाला, "माझ्या आईच्या पाठीला कुबड आलं होतं यापायी. विचारायचं होतं की आम्हाला."

"विचारलं होतं," एतिदालबाई म्हणाल्या. "तुमच्या आईलाच विचारलं होतं."

चौथं शेत उम्म झियादाचं. गाणं सगळ्यांत लांब, चौदा कडवी, हजार टोपल्या. तिथे खोदलं. हातभर. दोन हात. कमरेइतकं. काळी, चिकट, खारट माती आणि तळाशी पाणी.

हनादीचा चेहरा उतरला. दमियानाला वाटलं, आपण ती पानं खरंच फलाफलवाल्याला द्यायला हवी होती.

बांधावरच्या म्हाताऱ्याला मात्र हसू आवरेना. "उम्म झियादा? अहो, ती कुठली वाळू वाहतेय! आयुष्यात टोपली उचलली नाही तिने. आवाज तेवढा गोड."

एतिदालबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी तिला सगळ्यांत जास्त पानं दिली होती!"

वग्दी खड्ड्याच्या काठाशी बसले. चिखल बोटांत घेऊन चोळला, हुंगला. मग हनादीकडे बघून म्हणाले, "चौथंही लिहायचं. जसं आहे तसं."

"म्हणजे... अकरा राहतात, डॉक्टर?"

"चारही निघाली असती तर मला संशय आला असता." ते उठले, गुडघे झटकले. "राहतात. आणि डुलकीचं मी बोललो होतो ते... परत घेतो. यांच्या मुरंब्यातला थोडा मिळेल का?"

प्रबंध पुन्हा टाइप झाला. तिसरं प्रकरण आता पंचावन्न पानांचं झालं. शेवटी संदर्भसूची आली तेव्हा हनादी शेजारी उभी राहून सांगू लागली. "एतिदाल, लोकगीतांचं परिशिष्ट, अप्रकाशित, सव्वीस पानं उपलब्ध... आता जतन कुठे, ते लिहावं लागतं. ग्रंथालयाचं नाव लिहितात तसं."

"मग लिहू काय?"

"लिहा: दमियाना बुत्रोस यांचं कपाट, अलेक्झांड्रिया."

दमियाना 'दमि' पर्यंत आली आणि चुकली. पुसलं. पुन्हा चुकली. चाळीस वर्षांत हजारो नावं लिहिली होती, हे एकच बोटांना पाठ नव्हतं. तिसऱ्या खेपेला जमलं.

तोंडी परीक्षेला ती गेली, पहिल्या रांगेत बसली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "या पुराव्याची चाल कशी होती?" तेव्हा एतिदालबाई उभ्या राहून गायल्याच. निकाल जाहीर झाल्यावर हनादीची निरक्षर आजी एवढ्या मोठ्याने ललकारली की वग्दींनी कान झाकले आणि पहिल्यांदाच हसले.

दुकान अजून चालू आहे. तुळस दुसऱ्या कुंडीत गेली, आणि टाइपरायटरशेजारी आता एक नवं कपाट आहे. घोरण्यावर, गोगलगायींवर, गाझातल्या जुन्या आरमारी नकाशांवर लिहिणारी मुलं येतात. दमियाना सगळ्यांना चहा देते आणि प्रबंध हातात घेण्याआधी एकच विचारते:

"तुला काय काढायला लावलं? ते इथे ठेवून जा."