खरं सांग, मग इंजेक्शन

कडुबाच्या पोटात कळ उठली तेव्हा तो गंगापूरच्या पुढच्या एका वाडीवर होता. टँकरचा पाइप विहिरीत सोडलेला, काठावर बायांची हंड्यांसाठी झोंबाझोंबी चाललेली. कळ आली की त्याला पोट कशावर तरी दाबून धरावं लागे. त्या दिवशी हाताशी स्टेअरिंग होतं. तो त्याच्यावर वाकला आणि हॉर्न वाजत राहिला. कुणी वळूनही पाहिलं नाही. पाणी येतंय ना, मग वाजवू दे बापड्याला! टँकर रिकामा झाल्यावर मात्र लोकांना ड्रायव्हरची आठवण झाली. दोघांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि औरंगाबादच्या वाटेला लावलं. बायको मनकर्णा बजाजनगरहून रिक्षानं परस्पर हॉस्पिटलात आली.

हे दुखणं काही नवं नव्हतं. त्याच्या स्वादुपिंडात खडे होते. शहरातल्या एका जाणत्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या करून स्वच्छ सांगितलं होतं, “हा रोग दारूनं होतो, तसा दारूचा थेंब न घेताही होतो. तुमचा दुसऱ्यातला. कळ सोसवेना झाली की सरळ इमर्जन्सीत जायचं, दुखणं थांबवणारं कडक इंजेक्शन घ्यायचं.” सांगणाऱ्याचं काय जातं? इमर्जन्सीत बसलेली माणसं वेगळी असतात.

कडुबा माळकरी होता. ऐन विशीत त्यानं पैठणला एका महाराजांच्या हातून तुळशीची माळ घेतली होती. ती अशी माळ की दोरा तुटला तर पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत तो अन्नाला शिवायचा नाही. ड्रायव्हरकीत सारा जन्म गेला. बाकीचे ढाब्यावर बसले की हा केबिनमध्ये भाकरीचं फडकं सोडायचा. त्याला ते ‘बुवा’ म्हणून चिडवायचे आणि हा खुशाल हसायचा.

“काय रे, परत आलास?” इमर्जन्सीतला देवेश डॉक्टर म्हणाला. डॉक्टर कडुबाच्या थोरल्या पोराएवढा. “मागच्या महिन्यातही आला होतास ना? किती घेतोस?”

कडुबा कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पालथा पडला होता. “घेत नाय साहेब. माळकरी हाय मी.”

“बरं,” डॉक्टर म्हणाला. पटलं नाही की माणूस म्हणतो, तसं. “माळ घालून पिणारे रोज बघतो मी.”

मनकर्णानं पिशवीतून फाइल काढून पुढं केली. “साहेब, मोठ्या डॉक्टरांनी लिव्हलंय यात. त्यांना ते झोपेचं नाय, ते दुसरं इंजेक्शन लागतं…”

“बघा सिस्टर! इंजेक्शन कोणतं द्यायचं तेही हेच सांगणार.” फाइल न उघडताच टेबलावर गेली. “अमुकच पाहिजे म्हणून मागतात म्हणजे त्या इंजेक्शनाची सवय लागलेली असते. गॅसचं सलाइन लावा, बघू.”

गॅसचं सलाइन लागलं. कळ त्याला भीक घालणार होती थोडीच! शेजारच्या कॉटवर पाय मोडलेला एक पोरगा बोंबलत होता, त्याला सिस्टर दरडावत होती, “ओरडू नको.” आणि कडुबा उशी दातात धरून गप्प पडला होता, तर डॉक्टर जाता जाता म्हणाला, “एवढं दुखतंय तर आवाज कसा नाही?” आता माणसानं करावं तरी काय? ओरडलं तर नाटक आणि गप्प बसलं तर तेही नाटक.

शेवटी कडुबानं डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाचं टोक धरलं. “साहेब, पाया पडतो.”

“मग खरं सांग. दारूचं खरं सांग, मग इंजेक्शनचं बघतो. हिस्ट्रीच खोटी दिलीस तर मी औषध कशावर देऊ?”

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे डॉक्टरकीच्या पुस्तकात नसलं तरी या पोराला चांगलं ठाऊक होतं.

मनकर्णा त्याच्या कानाशी वाकली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. “अवो, व्हय म्हणा. काय जातंय आपलं? जीव चाललाय तुमचा.”

कडुबानं तिच्याकडं पाहिलं. मग गळ्यातली माळ डोक्यावरून काढली आणि तिच्या मुठीत दिली. माळ गळ्यात ठेवून हे बोलणं त्याला जमणार नव्हतं.

“घेतो साहेब.”

“आता कसं! किती?”

किती घेतात हे त्या बिचाऱ्याला कुठं माहीत? त्याला केबिनमध्ये सीटखाली सापडणाऱ्या, दुसऱ्या ड्रायव्हरच्या रिकाम्या बाटल्या आठवल्या. “क्वार्टर. कधी दोन.”

“कधीपासून?”

“दुष्काळ पडल्यापून. धा-धा खेपा असतात साहेब. त्याबिगर झोप लागत नाय.”

डॉक्टरनं समाधानानं मान हलवली. सगळं नीट जुळत होतं. ‘खोट्याच्या कपाळी गोटा’ म्हणतात लोक. इथं खोट्याच्या दंडात इंजेक्शन आलं, आणि तेही घाईनं. खरं बोलत होता तोवर गॅस होता, खोटं बोलला आणि त्याला रोग झाला. वरती खाट मिळाली, सिस्टरनं अंगावर चादर घातली.

“काका,” डॉक्टर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मघाचा ‘काय रे’ आता काका झाला होता, “पहिल्यांदाच खरं बोलला असता तर एवढं सोसावं लागलं नसतं.”

त्या मायेच्या हाताचा कडुबाला जेवढा संताप आला, तेवढा कळेचाही कधी आला नव्हता. पण इंजेक्शन अंगात उतरत होतं, आणि तो हात झटकण्याएवढं बळ त्याच्यात नव्हतं.

वर वॉर्डात दुपार कलली तसं पोट मोकळं झालं. मनकर्णा स्टुलावर बसली होती. एरवी कळ थांबली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आज ती मुठीतली माळ नुसती चाचपत होती.

“माळ दे,” तो म्हणाला.

तिनं मूठ उघडली, पण हात पुढं केला नाही. माळेकडं बघत बसली.

“अवो…”

“काय?”

“लई पटकन सांगितलंत तुमी. क्वार्टर, दुष्काळ, झोप.”

“तूच म्हणलीस ना, म्हणा म्हणून?”

“मी नुसतं व्हय म्हणा म्हणले होते.”

सारी दुनिया कडुबाला खोटा म्हणाली असती तरी त्याला चाललं असतं, पण ही?

“कधीच नाय ना?” तिनं हळूच विचारलं. “उन्हातान्हात, कधीतरी, कुणाच्या नादानं?”

“नाय.”

“बरं,” मनकर्णा म्हणाली आणि माळ त्याच्या हातात ठेवली.