सहज म्हणून बागेत

दाताच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना वेळा देऊन देऊन तिला घरातही सगळं ठरवून करायची सवय लागली होती. रविवारचा बेत शुक्रवारीच पक्का असे. चादरी भिजवायच्या, कपाट लावायचं, लेकीचे केस धुवायचे. त्यामुळे एका रविवारी सकाळी नवरा चक्क बूट घालून स्वयंपाकघरात आला आणि "चला, आवरा, बागेत जाऊन येऊ," म्हणाला, तेव्हा तिला वाटलं, हा दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं. मागे फक्त फ्रीज होता.

"कुठल्या बागेत?"

"कुठल्याही. जवळच्या."

"पण कशाला?"

"अगं, सहज."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. वडिलांच्या मागे तोच ते चालवायचा. आठवडाभर काउंटरमागे उभा राहायचा आणि रविवारी सोफ्यावर आडवा झाला की जेवायलाही चार हाका माराव्या लागायच्या. फिरायला जाऊ म्हटलं की "घरात हवा येत नाही का?" असं विचारणारा माणूस. आणि आज तो स्वतः पाण्याच्या बाटल्या भरत होता!

चादरी बादलीतच राहिल्या. तिने घाईघाईने ब्रेडला लोणी फासलं, अंडी उकडली, फळं कापली. सासूबाई केस विंचरून तयार झाल्या. नऊ वर्षांची लेक, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

बाग तशी बरी होती. पण सतरंजी अंथरून होते न होते तोच नवरा उठला. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाला आणि गेला तो तासाभराने उगवला. चेहरा घामेजलेला, पायांना चिखल. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "चला, निघू या."

"आत्ता तर आलो!" भिंगरी म्हणाली.

"पुढच्या रविवारी दुसरीकडे जाऊ."

आणि खरंच गेले. दुसऱ्या रविवारी टेकडीवरच्या बागेत, तिसऱ्या रविवारी तळ्याकाठच्या. दर वेळी तेच. आदल्या रात्री चकार शब्द नाही, सकाळी एकदम "चला", तिथे पोचलं की हा गायब. तळ्याकाठी ती गुपचूप त्याच्या मागे गेली. तर हा रोपवाटिकेच्या दाराशी उभा राहून एका म्हाताऱ्या माळ्याला विचारत होता, "इथे एकंदर किती जण असतात कामाला?" माळी काहीतरी म्हणाला. नवऱ्याने मान हलवली आणि मग अवजारांच्या खोलीत डोकावून पाहिलं.

तिला काही केल्या उमगेना. बागेचं कंत्राट घेतोय की काय? दुकान विकायचा विचार आहे? की डॉक्टरांनी याला चालायला सांगितलंय आणि हा दुखणं लपवतोय? त्या रात्री तिने त्याच्या खिशात औषधाची चिठ्ठी शोधली. पेपरमिंटच्या दोन गोळ्या सापडल्या.

"आई, तुम्हाला काही बोललेत का हे?" तिने सासूबाईंना विचारलं.

"माझ्याशी तो लहानपणापासून पोटातलं बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण काहीतरी शिजतंय खरं. काल मला म्हणाला, आई, तू ठणठणीत आहेस ना? आता याचं काय उत्तर द्यायचं?"

भिंगरीचं मत असं होतं की बाबांना माळी व्हायचंय, पण सांगायला लाज वाटतेय.

चौथ्या रविवारी ते गावाबाहेरच्या मोठ्या उद्यानात गेले. ऊन मऊ होतं. नवरा नेहमीप्रमाणे "आलोच" म्हणून फाटकाजवळच्या कचेरीकडे गेला. सासूबाई उंच हिरव्या कुंपणाला लागून असलेल्या बाकावर बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. भिंगरी झोके खेळायला पळाली. ती एकटीच डबे उघडत, मनातल्या मनात नवऱ्याची हजेरी घेत बसली होती. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने ठरवलं होतं.

कुंपणाच्या पलीकडे कुणीतरी कातरीने झुडपं छाटत होतं. मध्येच कातर थांबली आणि एक दणदणीत शिंक ऐकू आली. मग दुसरी. तिसरीच्या शेवटी लांबलचक "आई गंऽऽ".

"रुमाल धर रे तोंडावर," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"हो," कुंपणापलीकडून उत्तर आलं.

तिच्या हातातला डबा तसाच राहिला. आपण नक्की काय ऐकलं, हेच तिला कळेना. सासूबाई झोपेत बोलल्या, ते ठीक. पण हो कोण म्हणालं? आणि ते "आई गं" तिने कुठे ऐकलं होतं? कातर पुन्हा सुरू झाली नव्हती. सासूबाईंनी सावकाश डोळे उघडले आणि कुंपणाकडे पाहिलं.

पलीकडे शिडी करकरली. कुंपणावरून एक डोकं वर आलं. पिकलेली दाढी, रापलेला चेहरा, केसांत पानांचे तुकडे.

"भावजी?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो तिचा दीर होता, नवऱ्याचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी "चहा पिऊन येतो" म्हणून दुकानातून उतरला तो परतलाच नव्हता. भांडण नाही, तंटा नाही. दोन दिवसांनी एकदाच फोन आला होता, "मी ठीक आहे, शोधू नका," आणि मग तो नंबर बंद झाला. तरी घरच्यांनी शोधायचं तेवढं शोधलं. पुढे पुढे घरात त्याचं नाव निघालं की सासूबाई उठून आत जायच्या, म्हणून मग कुणी ते काढेनासं झालं.

तो कुंपणाला वळसा घालून आला आणि बाकापासून चार हात दूर उभा राहिला. हातात कातर तशीच.

"तू इथे काय करतोयस?" सासूबाईंनी विचारलं. जणू शाळेच्या वेळेत पोरगा रस्त्यावर सापडला होता.

"काम करतोय."

"दाढी कशाला वाढवलीस?"

"अशीच."

"ती कातर खाली ठेव आधी."

त्याने ठेवली. मग सासूबाईंनी त्याचं मनगट पकडलं आणि त्याला बाकावर ओढून बसवलं. त्यांनी त्याच्या केसांतली पानं एकेक करून काढली. धाकटा खाली मान घालून, डोळे घट्ट मिटून बसला होता. रडावं की हसावं की ओरडावं, तिला समजेना. तिने त्याच्यापुढे डबा धरला. त्याने एक अंडं उचललं आणि हातात धरून ठेवलं.

तेवढ्यात नवरा परतला. कचेरीत त्याने भावाचं नाव विचारलं, तर अशा नावाचा कुणीच इथे नाही, असं सांगितलं होतं, कारण कामावरचे सगळे धाकट्याला 'मुका' एवढंच म्हणत. बाकावरची मंडळी पाहून तो जागीच थांबला. चार रविवार पायपीट केलेला माणूस, पण ऐन वेळी त्याच्या तोंडून काय निघावं?

"अरे, तू? आम्ही इथे असेच... फिरायला आलो होतो."

"हो का?" धाकटा म्हणाला. "बरं केलंत. हवा छान आहे आज."

"छान आहे."

तिने नवऱ्याला दंडाला धरून बाजूला नेलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कुठे होतं! एक गिऱ्हाईक आलं होतं. म्हणालं, तुमचा भाऊ बागेत झाडं कापताना दिसला. कुठल्या बागेत, ते त्याला आठवेना. आणि तो आला होता फुटलेला चष्मा घेऊन. त्याला बिनचष्म्याचं काय दिसलं असेल, तूच सांग."

"मग मला सांगायचं नाही?"

"आईच्या कानावर गेलं असतं. आणि तो नसताच तर?"

"मग एकटे जायचं होतं. आमची वरात कशाला?"

त्याने बाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "एकटा असतो आणि तो समोर आला असता, तर मी काय बोललो असतो त्याच्याशी?"

तिने त्याचा दंड सोडला आणि दोघे बाकाकडे वळले.

भिंगरी झोक्यावरून आली. काका म्हणून दाखवलेल्या माणसाकडे तिने वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही का गेला होता?"

मोठ्यांपैकी कुणालाच हे विचारायचा धीर झाला नव्हता.

"खरं सांगू?" धाकटा म्हणाला. "मलाही नीट कळलेलं नाही. चहा प्यायलो आणि दुकानाकडे पाय वळेनात. उद्या जाऊ म्हटलं. मग उद्या गेलो तर काय सांगू, हे कळेना. परवा ते आणखी अवघड झालं."

"आठ वर्षं?" नवऱ्याचा आवाज चढला. "आम्ही इस्पितळं पालथी घातली. आई दारात बसून..." त्याने तोंड फिरवलं.

"दादा, मी दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो," धाकटा म्हणाला.

मुकादमाने लांबून हाक मारली. धाकट्याने कातर उचलली. तो त्यांच्याबरोबर घरी आला नाही. सासूबाई गाडीत न रडता बसल्या. तिने त्याला रात्री जेवायला यायची वेळ सांगितली होती. त्याने मान हलवली, पण तो आलाही नाही, फोनही नाही. ताट झाकून ठेवताना तिला वाटलं, आपण सगळ्यांनी मिळून स्वप्न तर पाहिलं नाही?

तो आला गुरुवारी संध्याकाळी, न कळवता. दाढी उतरवलेला, त्यामुळे अर्धा चेहरा काळा आणि अर्धा गोरा. सासूबाईंनी त्याला वाढलं. समोर बसून त्याचा प्रत्येक घास पाहिला. पुन्हा इथे राहशील का, असं कुणी विचारलं नाही. त्यानेही काही म्हटलं नाही.

जेवणानंतर दोघे भाऊ बाहेरच्या खोलीत बसले. ती भांडी आवरताना कान देऊन होती. आता बोलतील, आता भांडतील, एकमेकांच्या गळ्यात पडतील. पण ते बोलत होते कातरीच्या पात्याबद्दल. पातं बोथट होतं म्हणून हात भरून येतो, असं धाकटा सांगत होता. दुकानातल्या काचा घासायच्या यंत्रावर धार लागेल का, याचा नवरा विचार करत होता. "कोन नीट धरावा लागेल," तो म्हणाला. "जास्त दाबलं तर पातं तापेल." बराच वेळ चाललं ते.

ती ओले हात पुसत दाराशी उभी राहिली. हे भांडण मिटल्याचं लक्षण, की सुरू न झाल्याचं, हे काही तिला ठरवता येईना. शेवटी तिने दोघांसाठी पाणी नेऊन ठेवलं आणि भिंगरीला झोपवायला गेली.