शिडीखालचं माणूस

व्यवसाय: पाट्या रंगवणे

हॉस्पिटलच्या कागदावर एवढंच मावलं. प्रत्यक्षात तो शिडीवर आणि बायको खाली शिडी धरून, असा तो धंदा बावीस वर्षं दोघांनी मिळून केला. तो दुकानांच्या कपाळावर अक्षरं काढायचा. ती खालून म्हणायची, "अहो, उजवीकडे घसरतंय." तो ऐकायचा नाही, अक्षर मात्र सरळ व्हायचं. दिवसातून तो किती वेळा लघवीला उतरतो तेही तिला पाठ होतं. सामान राखायला तीच असायची ना.

मग एका दुपारी भर रस्त्यात, चार माणसांदेखत, त्यानं निळ्या रंगाचा डबा तिच्या अंगावर ओतला. ती तशीच निळीशार भावाकडे निघून गेली. वर्षभरानं कोर्टाचा कागद आला.

वैवाहिक स्थिती: विवाहित

हे त्यानं लिहिलं ते घटस्फोटाला सहा वर्षं होऊन गेल्यावर. पुढे तिचा फोन नंबर.

ती आता शिवणाच्या दुकानात होती. कुणाच्या तरी पँटची कंबर ढिली करत असताना फोन आला. पलीकडे सिस्टर होती, कॅन्सर विभागातली. "तुमच्या मिस्टरांचं इंजेक्शन चुकलंय. प्रोस्टेटचं."

"मला मिस्टर नाहीत."

कागद उलटल्याचा आवाज आला. "मग हे कोण आहेत?"

तिनं ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

घरी वहिनी म्हणाली, "जाणार? डबाभर रंग विसरलीस वाटतं."

"विसरले नाही. जाऊन येते."

त्रास कधीपासून

रकाना कोराच होता. कारण सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. ती गेल्यावर शिडी तो एकट्यानं दोरीनं बांधायचा, पण खाली रंग-ब्रश कुणाच्या भरवशावर सोडून मुतारी शोधत जायचं? त्यानं पाणीच सोडलं. सकाळी दोन घोट, मग काम उरकेपर्यंत काही नाही. पुढे धार बारीक झाली, जळजळ झाली, तेव्हा त्याला वाटलं, पाणी पीत नाही, दुसरं काय होणार. पाठ धरली तर म्हणायचा, शिडीमुळे असेल. दीड वर्ष असं गेलं. खाटेवरून उठवेना, तेव्हा घरमालकानं हॉस्पिटलात नेऊन टाकलं.

"विवाहित कशाला लिहिलंत?" तिनं त्याच्या खोलीच्या दारातूनच विचारलं.

"हॉस्पिटलात एक डॉक्टरीण माहिती गोळा करत होती. म्हणाली, लग्न झालेले जास्त जगतात असं आकड्यांत दिसतं. म्हटलं, बघू फसतंय का."

"कोण, कॅन्सर?"

"डॉक्टरीण तरी फसली."

तिला हसू आलं. हसल्याचा रागही आला. "इंजेक्शन का चुकवलंत?"

"त्यानं घाम फुटतो. बाईमाणसासारखा, एकदम. चारचौघांत लाज वाटते."

"पाळी जाताना मला फुटायचा तेव्हा तुम्ही पंखा बंद करायचात, थंडी वाजते म्हणून. चला, शर्ट घाला."

घरी कोण असतं

इंजेक्शन होईपर्यंत ती सिस्टरपाशी उभी राहिली. "लग्नाचा आणि आजाराचा काय संबंध हो?"

"आकडे मला कळत नाहीत," सिस्टर म्हणाली. "पण बायको असते त्यांना बायको ओढून आणते, कुरकुरत का होईना. एकटे येतात ते चालता येईनासं झालं की. यांच्या तर हाडांत गेलंय."

"वर्ष-दीड वर्ष आधी आले असते तर?"

सिस्टरनं पेनाचं टोपण लावलं. "आता कशाला तो विचार करता?"

तो त्यानंतर सात महिने जगला. तीन इंजेक्शनं झाली, तिन्हींना तीच घेऊन गेली. वहिनीनं पहिल्या वेळी टोमणा मारला, दुसऱ्या वेळी डबा भरून दिला.

तिसऱ्या खेपेला तो पार वाळला होता. इंजेक्शन घेऊन दोघं बाकावर बसली. इतके दिवस मनात ठेवलेलं तिनं एकदाचं बोलून टाकलं.

"मी असते तर माझ्या लक्षात आलं असतं."

त्यानं समोरच्या भिंतीवरची पाटी वाचली.

"छे. तू असतीस तर मी लपवलं असतं. मी काय सरळ माणूस आहे?"

लपवलं असतं म्हणे. साधं पडसं झालं तरी हा माणूस गल्लीभर बातमी करायचा. बोटाला खिळा लागला तर आधी तिला हाक, मग रक्ताकडे नजर. बावीस वर्षांत त्याला तिच्यापासून काही म्हणजे काही लपवता आलं नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं. तिच्या तोंडाशी आलंही.

"असेल," ती म्हणाली.

इंजेक्शनच्या जागी त्यानं पोटाशी धरलेला कापूस सुटत होता. शर्टाखाली हात घालून तो तिनं दाबून धरला.